लिंबावरील फुलपाखरू : मारावे की राखावे?

पावसाळ्यात कागदी लिंबाला नवती फुटली की काळ्या-पिवळ्या नक्षीचे, मागील पंखांवर विटकरी ठिपका असलेले मोठे फुलपाखरू झाडाभोवती घिरट्या घालताना दिसते. त्याचे सर्वांनाच कौतुक वाटते. पाने खाणारी अळी मात्र बागायतदारांच्या डोळ्यांत खुपते. ती याच फुलपाखराची अळी होय.

मादी कोवळ्या पानांवर सुटी, गोल, फिकट पिवळी अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते. लहान अळी काळपट, पांढऱ्या पट्ट्यांची व हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी असते. पक्षी फसतात, तसे आपणही फसतो! पूर्ण वाढलेली अळी हिरवीगार होते. तिला काडीने डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले शिंग बाहेर येते व उग्र वास सुटतो. त्यामुळे मुंग्या दूर राहतात. घरातील मुलांना हे एकदा अवश्य दाखवावे. पुढे अळी कमरेला रेशमी धागा बांधून फांदीवर कोषात जाते.

बेल, कढीपत्ता व बावची यांवरही ही अळी जगते. सन 2015 मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेल्या ‘ब्लू मॉरमॉन’ची अळीही लिंबूवर्गीय झाडांची पाने खाते व दिसायला अशीच असते. म्हणजे कोकणात किंवा घाटमाथ्यावर चिरडलेली अळी त्याचीही असू शकते.

खरे नुकसान होते ते रोपवाटिकेत व नवीन लागवडीत. तेथे मोजक्या अळ्यादेखील रोपाच्या नुसत्या काड्या करतात. मोठ्या झाडाची थोडी नवती गेली तरी उत्पादनात सहसा फरक पडत नाही. अशा झाडांवर केवळ या अळीसाठी फवारणी करणे आमच्या मते पैशाचा अपव्यय आहे. शिवाय अंड्यांवर जगणारे ट्रायकोग्रामा व अळी-कोषांवरील परोपजीवी कीटक त्या फवारणीत मरतात ते वेगळेच.

रोपांवरील अळ्या सकाळी हाताने वेचाव्यात. रोपवाटिकेपासून दूर लिंबाचे मोठे झाड असल्यास त्यावर सोडण्यास हरकत नाही. रोपे जास्त असून वेचणी आवाक्याबाहेर गेल्यास बी.टी. हे जिवाणूजन्य कीटकनाशक वेष्टनावरील मात्रेनुसार, अळ्या लहान असतानाच फवारावे. उन्हात त्याचा प्रभाव लवकर कमी होतो, म्हणून फवारणी सायंकाळी करावी.