ग्रंथाभ्यास आणि आत्मसन्मान

धर्मग्रंथाच्या अभ्यासाने माणूस नम्र होतो, हे आपण नेहमी ऐकतो. त्याच अभ्यासाने त्याला स्वतःची किंमत कशी कळते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. पंडिता रमाबाईंच्या बायबल-अध्ययनाच्या आधारे आम्ही तो येथे करणार आहोत.

रमाबाईंना (१८५८-१९२२) मानाची वाण नव्हती. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना ‘सरस्वती’ ही पदवी दिली. परंतु ज्या शास्त्रांनी हा मान मिळवून दिला, त्यांतच स्त्रीला वेदाचा अधिकार नाही असे त्यांना आढळले. विद्वत्तेचा गौरव झाला, तरी स्त्री म्हणून असलेले उणेपण तसेच राहिले. लौकिक आणि आत्मसन्मान या दोन गोष्टी निराळ्या आहेत, त्या अशा.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तेथे योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांच्या मनाला भिडली. लोकांनी हीन मानलेल्या त्या स्त्रीकडे येशू पाणी मागतो आणि खरी उपासना कोणती, हे तिलाच सांगतो. ज्ञानाला पात्र होण्यासाठी तिला आधी काही सिद्ध करावे लागत नाही. रमाबाईंना त्यात आपल्या प्रश्नाचे उत्तर दिसले.

येथे कोणी म्हणेल, हे तर एका सत्तेकडून दुसरीकडे जाणे झाले. तसे घडले नाही. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतल्यावरही त्रैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांनी आपल्या ख्रिस्ती गुरुजनांशी पत्रांतून निकराचा वाद केला. स्वतः वाचून जे पटेल तेच मानू, हा त्यांचा आग्रह होता. आत्मसन्मानाची खरी खूण आम्हांस या वादात दिसते.

पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर केले. थोडेसे शिकलेल्या बाईलाही समजावे, म्हणून भाषा सोपी ठेवली. हे काम १९२२ साली, मृत्यूच्या थोडे आधी, पुरे झाले. त्याचे खिळे जुळविणे, छपाई आणि बांधणी ही कामे आश्रमातील स्त्रियांनी केली. दुष्काळाने व वैधव्याने निराधार झालेल्या कित्येकींना तेथे अक्षरओळख आणि हाताला उद्योग एकदमच मिळाला.

याचा लाभ घेण्यास धर्मांतर केले पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. ग्रंथ कोणताही असो. तो दुसऱ्याच्या तोंडून ऐकून मान डोलावल्याने मनुष्य वाढत नाही. स्वतः वाचावे, शंका विचारावी आणि समजलेले दुसऱ्याला सोपे करून सांगावे. जो इतके करतो, त्याला आपली योग्यता दुसऱ्याकडून मागून घ्यावी लागत नाही.