नांदायला जाण्याचा हुकूम

न्यायाधीशाचा देश, धर्म आणि घराणं कळलं की निकाल आधीच सांगता येतो, असं मानणाऱ्यांनी मुंबई हायकोर्टातला रखमाबाईंचा खटला एकदा मुळातून पाहावा.

लग्नाच्या वेळी रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. पुढे त्या आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकत राहिल्या. नवरा दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये, बायकोने नांदायला यावं म्हणून दावा लावला. न्यायमूर्ती पिन्ही यांनी 1885 मध्ये तो फेटाळला. जे दोघं कधी एकत्र राहिलेच नाहीत, त्यांचा संसार ‘पुन्हा’ कसा लावायचा, हा त्यांचा साधा सवाल होता. नको असलेल्या माणसाकडे बाईला सक्तीने पाठवणं त्यांना क्रूर आणि किळसवाणं वाटलं, आणि तसं त्यांनी निकालात स्पष्ट म्हटलं.

पिन्ही इंग्रज होते म्हणून त्यांना तसं वाटलं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण पुढच्याच वर्षी अपिलात हा निकाल फिरवणारे मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली हेही इंग्रजच. हिंदू विवाह विधी झाला की पूर्ण होतो, तेव्हा सहवास झाला की नाही हा इंग्रजी भेद इथे लावू नये, असं त्यांचं म्हणणं. मला यात 1858 च्या राणीच्या जाहीरनाम्यानंतरची राज्यकर्त्यांची सावधगिरी दिसते. रयतेच्या धर्माला हात लावायचा नाही, हाही इंग्रजांचाच एक संस्कार होता.

गंमत अशी, की हा दावा मुळात हिंदूंचा नव्हताच. नवऱ्याकडे किंवा बायकोकडे परत जाण्याचा हुकूम ही इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांची चीज. तिथून ती कंपनीच्या आणि मग राणीच्या न्यायालयांबरोबर इकडे आली. पिन्हींना तिचं माहेर ठाऊक होतं, म्हणूनच कदाचित तिचा धाक वाटला नाही. पुण्यात मात्र टिळकांच्या पत्रांनी पिन्हींच्या निकालाकडे हिंदू धर्मातली ढवळाढवळ म्हणून पाहिलं. ख्रिस्ती पाद्र्यांच्या कायद्याची पाठराखण सनातन धर्माच्या नावाने झाली, आणि त्यात कुणाला वावगं वाटलं नाही.

अपिलानंतर 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. इंग्लंडमध्ये याच कारणासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद 1884 सालीच रद्द झाली होती. म्हणजे लंडनच्या बाईला जी शिक्षा देता येत नव्हती, ती गिरगावच्या बाईला देता येत होती. अखेर 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेत डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोटला त्यांनी आयुष्य काढलं.

कैदेची तरतूद इथे 1923 मध्ये गेली, जप्ती राहिली. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात नांदायला पाठवण्याचा हाच उपाय कलम 9 म्हणून आला. इंग्लंडने 1970 मध्ये तो सरळ रद्द केला.

मग 1983 उजाडलं. आता न्यायाधीशही आपले आणि पक्षकारही आपले. आंध्र हायकोर्टाचे न्यायमूर्ती चौधरी यांनी टी. सरिता खटल्यात कलम 9 घटनाबाह्य ठरवलं. बाईच्या शरीरावरचा तिचा हक्क त्यांनी समोर ठेवला, आणि या उपायाचं विलायती मूळही दाखवून दिलं. त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाचे न्यायमूर्ती रोहतगी यांनी हरविंदर कौर खटल्यात नेमकं उलट सांगितलं. घरात राज्यघटना आणणं म्हणजे काचसामानाच्या दुकानात बैल सोडणं, असं ते म्हणाले. भारतीय घराच्या बचावाला आलेली ही उपमाही विलायतीच! दोघं एकाच देशाचे, एकाच घटनेची शपथ घेतलेले. फरक होता तो घर म्हटल्यावर दोघांना काय दिसतं, यात. एकाला त्या घरात अडकलेली बाई दिसली, दुसऱ्याला मोडू पाहणारा संसार.

1984 मध्ये सरोज राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रोहतगींची बाजू उचलून धरली. न्यायमूर्ती सव्यसाची मुखर्जी यांनी लिहिलं, की भारतात जोडीदाराच्या सहवासाचा हक्क केवळ कायद्याने दिलेला नाही. तो विवाहसंस्थेतच अंगभूत आहे. इंग्लंडच्या कायद्यातून हा उपाय नाहीसा होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.