उलट्या क्रमाच्या लघुचित्रफिती : तंत्र, परिणाम आणि मर्यादा
(अर्नाळा किनाऱ्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

वसई तालुक्यातील अर्नाळा हे मच्छीमारांच्या वस्तीचे गाव आहे. वैतरणा नदीच्या मुखाजवळील बेटावर उभा असलेला जलदुर्ग, सुरूची बने आणि लांबच लांब पुळण यांमुळे येथे पर्यटकांची वर्दळ असते. भ्रमणध्वनीवर लघुचित्रफीत टिपणे हा आता अशा सहलीचा अविभाज्य भाग झाला आहे. चित्रफीत शेवटाकडून आरंभाकडे चालविणे हा त्यातील एक लोकप्रिय प्रकार होय. २०१५ मध्ये आलेल्या बूमरँग या सुविधेने पुढे-मागे हलणारी दृश्ये सर्वपरिचित केली. जून २०२० मध्ये टिकटॉकवर भारतात बंदी आली आणि त्यानंतरच्या महिन्यात येथे सुरू झालेल्या इन्स्टाग्राम रील्सने लघुचित्रफितींची परंपरा पुढे चालविली. हा प्रकार सामान्यतः निव्वळ करमणुकीचा मानला जातो. तथापि घटनांचा क्रम बदलला की त्यांचा अर्थही बदलतो. त्या दृष्टीने या तंत्राचे स्वरूप व मर्यादा स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

ही युक्ती चित्रपटाइतकीच जुनी आहे. १८९६ मध्ये लुमिए बंधूंनी भिंत पाडण्याचे दृश्य चित्रित केले. तीच फीत उलट चालविली असता धुरळ्यातून भिंत पुन्हा उभी राहते आणि प्रेक्षक थक्क होतात. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलमध्ये झालेल्या भारतातील पहिल्या चित्रपट-खेळातही पाडकामाच्या दृश्याचा समावेश होता. पुढे १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी रोपट्याची अनेक दिवसांची वाढ ठरावीक अंतराने टिपून काही क्षणांत दाखविली. तेथे काळ उलटा नव्हता, संकुचित होता. परंतु पडद्यावरील काळ हाताळता येतो ही जाणीव दोहोंच्या मुळाशी समान आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये ज्याचे काही चित्रीकरण मुंबईत झाले, त्या ख्रिस्तोफर नोलन यांच्या ‘टेनेट’ (२०२०) या चित्रपटाचे तर कथानकच उलट्या काळावर आधारलेले आहे.

तांत्रिक स्वरूप

सेल्युलॉइडच्या काळात कॅमेरा खाली डोके वर पाय असा धरून चित्रण करीत व नंतर फितीची टोके बदलीत. अंकीय चित्रफितीत केवळ चौकटींचा क्रम उलटावा लागतो. सेकंदाला ३० चौकटी धरल्यास १५ सेकंदांच्या चित्रफितीत ४५० चौकटी असतात. त्यांतील ४५० वी पहिली होते. जागा वाचविण्यासाठी बहुतेक चौकटींत संपूर्ण चित्र न साठविता अन्य चौकटींच्या तुलनेत झालेला बदल तेवढा साठविलेला असतो. म्हणून त्या आधी उलगडून मगच नव्या क्रमाने मांडाव्या लागतात आणि या क्रियेला वेळ लागतो. उलटलेले बोलणे अनाकलनीय होत असल्याने मूळ ध्वनी काढून संगीत जोडण्याची पद्धत आहे.

परिणामाची कारणमीमांसा

कोणतेही दृश्य उलटले की चमत्कार घडतो, असे नाही. हवेत उडालेला चेंडू वर जाऊन खाली येतो. त्याची चित्रफीत उलटली तरी फरक जाणवत नाही, कारण गतीचे मूलभूत नियम काळाची दिशा ओळखत नाहीत. याउलट फुटणारी लाट, विखुरणारी वाळू, सांडणारे पाणी यांत सुव्यवस्थेकडून अव्यवस्थेकडे जाणारी, व्यवहारतः अपरिवर्तनीय अशी क्रिया असते. अर्नाळ्याच्या पुळणीवर पसरून ओसरणारे पाणी उलटे पाहिले तर क्षणभर कळतही नाही; मात्र फेसातून लाट पुन्हा उभी राहू लागली की ते चटकन ध्यानात येते. चित्रीकरणाच्या वेळी व्यक्ती मुद्दाम उलटी चालली, तर अंतिम चित्रफितीत ती सरळ चालते आणि भोवतालचा समुद्र मात्र उलटा वागतो. हा या प्रकाराचा सर्वांत कल्पक उपयोग होय. अर्थात, भरतीच्या वेळी समुद्राकडे पाठ करून पाण्यात चालणे जिवावर बेतू शकते, याचे भान आवश्यक आहे.

मर्यादा

क्रम हा घटनेचा पुरावा असतो. किनाऱ्यावरील प्लास्टिक वेचून पिशवीत भरणाऱ्या विद्यार्थ्यांची चित्रफीत उलटली, तर तेच विद्यार्थी कचरा टाकताना दिसतील. एकही चौकट खोटी नसताना संपूर्ण विधान खोटे ठरेल. जाळ्यातील मासळी समुद्रात परतताना पाहणे मौजेचे वाटते. परंतु त्यात मच्छीमाराचे श्रम पुसले जातात. वसईच्या किनारपट्टीवर होणारी धूप हे याहून गंभीर उदाहरण आहे. उलट्या चित्रफितीत वाहून गेलेली वाळू परत येते. प्रत्यक्षात ती तशी परत येत नाही.

निष्कर्ष

उलट्या चित्रफितीचे सौंदर्य, जे घडून गेले ते परत फिरत नाही, या प्रेक्षकाच्या अनुभवावर उभे असते. प्रेक्षकाला उलटा क्रम ओळखू येतो तोवर ती कलाकृती असते. तो लपविला गेला की ती दिशाभूल ठरते. भौतिकशास्त्राच्या वर्गात काळाची दिशा आणि माध्यम-अभ्यासाच्या वर्गात पुराव्याची पारख शिकविण्यासाठी विद्यार्थ्यांच्या हातातील हेच साधन उपयुक्त ठरू शकते. मात्र तसे करताना मूळ चित्रफीत जपून ठेवणे आणि क्रम उलटल्याचा स्पष्ट उल्लेख करणे, हे दोन दंडक विद्यार्थ्यांना प्रारंभीच घालून देणे अगत्याचे आहे.