शब्बाथच्या दोन चपात्या

खराडीहून नगर रस्त्यानें पुण्याच्या लष्कर भागांत आलें, म्हणजे घड्याळाचा उंच मनोरा असलेली एक तांबडी वास्तु दृष्टीस पडते. पुणेकर तिला लाल देऊळ म्हणतात. डेव्हिड ससून यांनीं बांधविलेलें हें ज्यू प्रार्थनामंदिर १८६७ सालीं पुरें झालें. रास्ता पेठेंत दुसरें एक आहे. तें सुक्कथ शेलोमो, १९२१ सालचें. पहिलें मुख्यतः बगदादकडून आलेल्या ज्यूंचें, तर दुसरें आपल्याप्रमाणेंच मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएलांचें. हीं मंदिरें रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसतात. परंतु या धर्माचें आणखी एक मंदिर आहे, आणि तें म्हणजे गृहिणीचें स्वयंपाकघर. त्याविषयीं आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

ज्यूंचा शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तास लागतो आणि शनिवारीं रात्र पडली म्हणजे संपतो. तेवढ्या काळांत विस्तव पेटवावयाचा नाहीं व कांहीं रांधावयाचेंही नाहीं. त्यामुळें सारी धांदल शुक्रवारीं दुपारीं. जेवणाच्या आरंभीं आशीर्वाद म्हणतात तो दोन भाकऱ्यांवर. मिसर देशांतून निघालेल्या इस्राएल लोकांस रानांत जें दैवी अन्न मिळे, तें शब्बाथच्या आदल्या दिवशीं दुप्पट मिळे, अशी बायबलांत कथा आहे. तिची ही आठवण. यूरोपांतील ज्यू स्त्री यासाठीं पिठांत खमीर व अंडीं घालते, कणकेच्या लांब वळ्या करून त्यांची वेणी घालते आणि ती भट्टींत भाजते. या भाकरीला खल्ला म्हणतात. मूळ अर्थानें मात्र हा शब्द वेणीचा नव्हे. मळलेल्या कणकेंतून देवाच्या नांवानें जो गोळा बाजूस काढावयाचा, त्याचें हें नांव.

आतां कोंकणांत या. बेने इस्राएलांच्या परंपरेप्रमाणें त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं गलबत फुटून आले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. पुढें हे लोक गांवोगांव तेलाचे घाणे चालवूं लागले. शनिवारीं त्यांचा घाणा बंद, म्हणून शेजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांच्या घरीं चूल होती, तवा होता. भट्टी मात्र नव्हती. तेव्हां दोन भाकऱ्यांच्या जागीं दोन चपात्या आल्या. वेणी नाहीं, खमीर नाहीं. पण दोन हा आंकडा सुटला नाहीं. द्राक्षारस कोंकणांत कोठून मिळणार? म्हणून काळ्या मनुका पाण्यांत भिजवून, कुसकरून व गाळून त्यांचें सरबत केलें, आणि तेंच शब्बाथच्या पेल्यांत आलें.

ज्यूंच्या धर्मशास्त्रांत मांस व दूध एकत्र करणें वर्ज्य आहे. मांसाच्या जेवणावर दुधाची मिठाईही चालत नाहीं. ही अडचण कोंकणच्या माडानें सोडविली. नारळाच्या दुधाला हा निर्बंध नाहीं. म्हणून कालवणांत तें, खिरींत तें आणि हलव्यांतही तेंच. नव्या वर्षाच्या सणाला होणारा चिकाचा हलवा हें याचें उत्तम उदाहरण. आपल्याकडे कुरडयांसाठीं गहूं भिजवून, वाटून चीक काढतात, तसाच येथेंही काढावयाचा. त्यांत नारळाचें दूध व साखर घालून मंद विस्तवावर तो घोटीत बसावयाचें. हात थांबला कीं बुडाशीं लागलाच. घट्ट झाला म्हणजे ताटांत थापून वड्या कापावयाच्या. आतां पुष्कळ घरीं चिकाऐवजीं चायना ग्रास घालतात, श्रम वांचतात.

सणांचीं जुनीं नांवेंही पाहा. हिब्रू नांवें रूढ होण्यापूर्वीं बेने इस्राएल आपले सण मराठींतच ओळखीत: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. यरुशलेमचें मंदिर पडलें त्या दुःखाच्या दिवशीं बिरडें खावयाचें, म्हणून तो बिरड्याचा. वल्हांडणाला आंबलेलें कांहीं घरांत चालत नाहीं. तो आनशी ढाकणाचा सण, म्हणजे आंबट पदार्थाचें भांडें झांकून ठेवण्याचा. नवस फेडतांना एलियाहू हनाबी या संदेष्ट्याच्या नांवानें मलिदा करतात. भिजविलेले पोहे, ओलें खोबरें, साखर, वेलदोडे आणि भोंवतीं फळें. भट्टीच काय, चूलही त्यासाठीं लागत नाहीं.

हें सारें रुचीपुरतें नव्हतें. डेव्हिड रहाबी नांवाच्या परदेशी ज्यूची एक कथा या समाजांत सांगतात. हे लोक खरोखर ज्यू आहेत काय, हें पाहण्यासाठीं त्यानें स्त्रियांपुढें नाना तऱ्हेचे मासे ठेवले. त्यांनीं खवले व पर असलेले तेवढे शिजविण्यास घेतले, बाकीचे बाजूस सारले. ग्रंथ नव्हते, पुरोहित नव्हते. साक्ष दिली ती स्वयंपाकघरानें.

१९४८ सालीं इस्राएल राष्ट्र झालें आणि पुढें या समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. तेथेंही विवाहाच्या प्रसंगीं त्यांच्या ज्यूपणाविषयीं शंका काढण्यांत आली. मोठी चळवळ झाली, आणि १९६४ सालीं ते सर्व बाबतींत ज्यूच होत, असा निर्वाळा तेथील सरकारनें दिला. आज महाराष्ट्रांत त्यांचीं घरें थोडीं उरलीं आहेत. घर थोडें झालें म्हणजे मंदिराला कुलूप लागण्यापूर्वीं चुलीवरचें ज्ञान जातें; कारण तें लिहिलेलें नसतें, आईच्या हातून मुलीच्या हातीं जातें.

खराडीच्या नव्या सदनिकांत आतां विजेची भट्टी सहज येते. तींत वेणीची भाकर भाजावी. त्यांत गैर कांहींच नाहीं. पण शुक्रवारीं सायंकाळीं एखाद्या बेने इस्राएल घरीं दोन चपात्या झांकून ठेवलेल्या दिसल्या, तर ती भट्टीवांचून केलेली तडजोड समजूं नये. शेंकडों वर्षें तव्यावर जपलेला तो धर्मच आहे.