चार दिवसांचा आठवडा, मोजायचे पाच!

तुमच्या मोबाइलमधल्या कॅलेंडरवर आठवड्याचे सात चौकोन असतात. मग आपण त्याला ‘आठवडा’ का म्हणतो, कधी विचार केलाय? या सोमवारपासून पुढच्या सोमवारपर्यंत बोटं मोजून बघा. दोन्ही सोमवार धरले की आठ होतात. ‘आठ दिवसांनी ये’ म्हणणारी आजी याच हिशेबाने बोलत असते.

अगदी अशीच मोजणी नैऋत्य नायजेरियातले योरुबा लोक करतात. फक्त त्यांचा पारंपरिक आठवडा चार दिवसांचा, आणि दोन्ही टोकं धरून ते त्याला पाचाचा म्हणतात. बाजारही याच फेऱ्याने भरायचे, कुठे दर चार दिवसांनी, कुठे आठ.

पण हे चार वार नुसत्या हिशेबासाठी नाहीत. प्रत्येक वार कुणाचा तरी आहे. एक ओबातालाचा, एक भविष्यज्ञानाची देवता ओरुनमिला म्हणजेच इफाचा, एक लोखंडाच्या ओगुनचा आणि एक विजांच्या शांगोचा. योरुबा भाषेत ‘ओसे’ म्हणजे आठवडा, आणि आपल्या देवतेच्या पूजेचा वार म्हणजेही ओसेच. त्या दिवशी देवघर झाडायचं, मडक्यातलं पाणी बदलायचं, कोला नावाच्या झाडाची बी वाहायची.

यातला ओबाताला मला सगळ्यात जवळचा वाटतो. माणसाचं शरीर घडवणारा हा देव. कथा अशी, की एकदा तो ताडी प्यायला आणि त्या नशेत त्याच्या हातून काही शरीरं वेगळीच घडली. म्हणून अपंग माणसं त्याच्या खास आश्रयाखाली मानतात, आणि त्याचे भक्त ताडीला शिवत नाहीत. त्यांचे कपडे पांढरेशुभ्र. आपल्या चुकीची जबाबदारी घेणारा देव, भारी कल्पना आहे ना? ओगुनही काही जुन्या तलवारींपुरता उरलेला नाही. लोहाराइतकाच तो ड्रायव्हरचा आणि मेकॅनिकचाही देव. नायजेरियातल्या कोर्टात त्याचे भक्त लोखंडावर हात ठेवून शपथ घेऊ शकतात.

मग सात दिवसांचा आठवडा आला कुठून? इस्लाम आणि ख्रिस्ती धर्माबरोबर. त्या वारांनाही योरुबा नावं मिळाली. सोमवार ‘अजे’ म्हणजे धनाचा, मंगळवार विजयाचा. आज शाळा, बँका, ऑफिसं सगळी सातावर चालतात आणि देव मात्र चारावर. आता गणित करा. चार आणि सात यांचा लसावि 28. म्हणजे ओगुनचा वार 28 दिवसांतून एकदाच रविवारी येणार. मशिदीत जाणाऱ्याचा शुक्रवार ठरलेला, चर्चला जाणाऱ्याचा रविवार ठरलेला, पण ओगुनच्या भक्ताचा वार कधी परीक्षेच्या दिवशी, कधी लेक्चरच्या. सुट्टी कुणाला मिळते हेही कॅलेंडरच ठरवतं.

म्हणूनच 20 ऑगस्टचं महत्त्व. हा ‘इशेशे’ दिन, म्हणजे पारंपरिक धर्माचा दिवस. 2023 मध्ये तो रविवारी आला, तर लागोस, ओगुन आणि ओयोसह काही राज्यांनी सोमवारी सार्वजनिक सुट्टी दिली.

जुन्या कालगणनेला नव्याने मांडणारेही आहेत. त्यांच्या ‘कोजोदा’ कॅलेंडरमध्ये 91 आठवडे, नवं वर्ष 3 जूनला, आणि जून 2024 मध्ये सुरू झालेलं वर्ष तब्बल 10066 वं! हा आकडा अभिमानाचा आहे, इतिहासाचा पुरावा म्हणून तो मी तरी धरणार नाही. चार वारांचं तसं नाही. योरुबा पाद्री सॅम्युअल जॉन्सन यांच्या 1921 साली छापलेल्या इतिहासग्रंथात ते नोंदलेले आहेत.

गुलाम म्हणून जहाजात कोंबून ब्राझीलला नेलेल्या योरुबांबरोबर हे देवही गेले. तिथे दिवस मालकाचे होते आणि आठवडा सातांचा. मग देवांनाच सात वारांत जागा शोधून दिली गेली. ओबाताला तिथे ‘ओशाला’ झाला आणि त्याला शुक्रवार मिळाला. ब्राझीलच्या बाहिया राज्यात, साल्वादोर शहरात, आजही शुक्रवारी बाहेर पडलात तर रस्त्यावर पांढऱ्या कपड्यातली माणसं दिसतात.