चोविसाव्या हिश्श्याची मोटार

कॅटलॉगात ती एका ओळीची बातमी असते. गाडीचं नाव, तिचं साल, प्रमाण १/२४, येनमधली किंमत, अमुक महिन्यात बाजारात. सोबत फोटो नसतो, कारण फोटो काढण्याजोगं अजून काही तयारच झालेलं नसतं. फार तर कॉम्प्युटरवरची एक करडी आकृती. एवढ्या ऐवजावर जगभरची चाळिशी-पन्नाशी उलटलेली माणसं आठवडाभर वाद घालू शकतात. पुढचा बंपर कोणत्या सालचा धरला असेल? बॉनेट उघडेल का? इंजिन देतील, की खालून नुसता सपाट तळ? आणि मागच्या वेळेसारखी चाकं बारकी तर नाही ना करणार?

वस्तू तशी साधी: घरी जोडायच्या मॉडेल-मोटारीचं किट. पुठ्ठ्याचं खोकं. आत प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे त्यांना लटकलेले शे-दीडशे सुटे भाग. पारदर्शक काचा, रबरी टायर, पाण्यात भिजवून चिकटवायची डिकल्स आणि एक सूचनापत्रक. भाग कापायचे, घासायचे, रंगवायचे, जोडायचे. हौशी माणसाला एक मोटार पुरी करायला महिने लागतात, आणि बहुतेकांच्या कपाटात न उघडलेल्या खोक्यांची अशी चळत असते की उरलेला जन्म पुरायचा नाही. तरी नव्या किटची बातमी आली की हीच मंडळी उपाशी असल्यासारखी तिच्यावर तुटून पडतात. नुसत्या हावरेपणाने हे कोडं सुटत नाही. ते सुटतं पोलादाने.

किटमधल्या प्रत्येक भागाचा उलटा आकार पोलादी साच्यात कोरावा लागतो. भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्या टूलरूममध्ये डोकावलेल्यांना ही रीत ओळखीची वाटेल. तांब्याचा किंवा ग्राफाइटचा इलेक्ट्रोड भागाच्या आकारात घडवायचा, तेलात बुडवलेल्या पोलादाच्या अगदी जवळ न्यायचा, आणि ठिणग्यांनी ते पोलाद कणाकणाने झिजवायचं. मग त्या पोकळीत वितळलेलं पॉलिस्टायरीन दाबाने सोडायचं. निवताना ते सुमारे अर्धा टक्का आक्रसतं. अठरा सेंटिमीटर लांबीच्या बॉडीत हा फरक जवळजवळ एक मिलिमीटरचा, म्हणून साचा आधीच तेवढा मोठा कापतात. शिवाय नुसत्या वर-खाली उघडणाऱ्या साच्यातून मोटारीची बॉडी सुटतच नाही. दारांच्या खाचा, हेडलाइटची भोकं, नंबरप्लेटचा खळगा हे सगळं बाजूंना असतं. त्यासाठी साच्याच्या भिंती चारी दिशांना सरकणाऱ्या ठेवाव्या लागतात. जिथे दोन भिंती मिळतात तिथे बॉडीवर एक पुसट रेघ उठते. नवं खोकं उघडलं की जाणता मॉडेलर बॉडी खिडकीच्या उजेडात तिरपी धरून आधी ती रेघ शोधतो. ती पॅनेलच्या कडेला लपवली असेल तर साचा करणाऱ्याला मनातल्या मनात शाबासकी. ऐन फेंडरच्या मधोमध आली असेल तर नशिबी पॉलिश पेपर.

असा साचा महाग असतो, आणि गाडीची निवड चुकली तर त्यातला पैसा परत येत नाही. जपानच्या तामिया कंपनीइतक्या लवकर हा धडा फार थोड्यांना मिळाला असेल. शिझुओकातली ही कंपनी १९४६ मध्ये लाकडाच्या व्यवसायात उतरली आणि पुढे लाकडी मॉडेलं करू लागली. १९६० मध्ये तिने आपलं पहिलं प्लॅस्टिक मॉडेल काढलं, यामाटो ही युद्धनौका. त्याच सुमारास दुसऱ्या एका कंपनीने तीच नौका स्वस्तात बाजारात आणली आणि तामियाचा माल पडून राहिला. निवड एका जहाजाची होती, पण जवळजवळ सगळा धंदाच बुडायची वेळ आली.

पंधरा-सोळा वर्षांनी त्याच कंपनीने १/१२ प्रमाणात पोर्श ९३४ करायला घेतली. संस्थापकांचे चिरंजीव शुन्साकू तामिया (त्यांचं २०२५ मध्ये, नव्वदाव्या वर्षी निधन झालं) हे तपशिलासाठी वेडे. त्यांनी एक खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि ती खोलायला लावली. एका खेळण्यासाठी! १९७६ मध्ये किट आलं तेव्हा खर्च इतका झाला होता की तो भरून काढायला त्याच बॉडीखाली मोटर आणि रेडिओ कंट्रोल बसवून दुसरी आवृत्ती काढावी लागली. ती लाखाच्या वर खपली आणि कंपनीचा रेडिओ कंट्रोल गाड्यांचा पुढचा सगळा व्याप तिथून उभा राहिला. पोलादाची किंमत वसूल करण्याच्या खटपटीतून एक नवा धंदाच निघाला, हे मला पोर्श खोलण्यापेक्षाही भारी वाटतं.

पोलादाची दुसरी बाजू अशी की ते टिकतं. नीट जपलेला साचा पन्नास वर्षांनीही किट देतो. १९६० च्या दशकात कापलेल्या अमेरिकन साच्यांतून निघालेल्या गाड्या आजही दुकानात मिळतात. आता छंदिष्टाच्या जागी बसून पाहा. तुमच्या आवडीची एखादी आडबाजूची गाडी आहे, आजवर कोणीच न केलेली. एका कंपनीने ती केली, तर बाकीच्या त्या वाटेला जात नाहीत, कारण तेवढी गिऱ्हाइकं दोन साच्यांना पुरत नाहीत. म्हणजे ती गाडी बहुधा एकदाच होणार, आणि छप्पर चुकलं तर एका पिढीभरासाठी चुकलेलं राहणार. घोषणेच्या दिवशी आनंदासोबत पोटात गोळा येतो तो ह्यामुळे.

आणि छप्पर चुकणं सोपं आहे. मोटारीची मापं घेऊन चोविसाने भागली की झालं, असं वाटतं. पण भागाकार फार लवकर दगा देतो. खऱ्या दाराचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास जाड. त्याचा चोविसावा हिस्सा म्हणजे कागदाच्या एका तावाच्या जाडीचा जेमतेम तिसरा भाग. इतक्या अरुंद जागेतून प्लॅस्टिक वाहत नाही, म्हणून मॉडेलची भिंत मिलिमीटरभर ठेवतात, आणि ती खऱ्या मापात इंचभर जाडीची होते! दार आणि बॉडी यांच्यातली फट खरी चार मिलिमीटर. मॉडेलवर ती ०.१७ मिलिमीटर व्हायला हवी, आणि तशी ठेवली तर रंगाच्या दोन हातांतच ती बुजून जाईल. म्हणून ती जाणूनबुजून रुंद आणि खोल करतात. त्यात बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे तेही महत्त्वाचं. हातातलं मॉडेल आपण चाळीस सेंटिमीटरवरून पाहतो. चोविसाने गुणा: साडेनऊ मीटरच्या पुढे. म्हणजे रस्त्यावरची गाडी आपण तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून न्याहाळतोय. रस्त्यावर उभं राहून मनात बसलेली गाडी वेगळीच असते. गणिताने अचूक असलेलं मॉडेल ह्या कोनातून चपटं किंवा रुंद भासू शकतं, आणि कुठे किती खोटं बोलायचं हे ठरवणारा माणूस हा ह्या धंद्यातला खरा कलावंत. प्रत्येक कंपनीचा हात ह्यात ओळखू येतो.

म्हणून घोषणेनंतरचा टप्पा सगळ्यात चुरशीचा. त्याला टेस्ट शॉट म्हणतात: साच्यातून निघालेलं पहिलंवहिलं प्लॅस्टिक. त्याचे फोटो आले की खऱ्या गाडीच्या फोटोंवर ते ठेवून ताडून पाहणारे असतात. मागची काच अर्ध्या मिलिमीटरने उंच, असा निकाल लागतो, आणि अर्धा मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवर बारा. कंपनी हे दुरुस्त करील का? इथे पुन्हा पोलाद बोलतं. भाग जाड करायचा तर साचा आणखी थोडा कापला की झालं. बारीक करायचा तर गेलेलं पोलाद पुन्हा भरावं लागतं, ते काम कष्टाचं आणि खर्चाचं. मुरलेले लोक त्यामुळे तक्रार कोणत्या दिशेची आहे तेवढंच बघतात आणि आशा धरायची की सोडायची ते ठरवतात.

ह्या वाट पाहण्याला अमेरिकेत एके काळी ऋतूसारखी ठरलेली वेळ होती. १९५० च्या दशकात एएमटीसारख्या कंपन्या मोटारविक्रेत्यांसाठी १/२५ प्रमाणातली जाहिरातीची मॉडेलं करत. दर शरद ऋतूत डेट्रॉइटच्या नव्या गाड्या शोरूममध्ये यायच्या आणि त्याच वेळी ही मॉडेलं काउंटरवर हवी असायची, म्हणून कारखाने नव्या गाडीची गुप्त ड्रॉइंग मॉडेलवाल्यांना आधीच देत. सुरुवातीचं ते अॅसिटेटचं प्लॅस्टिक काळानुसार वाकायचं. जुन्या संग्रहांतल्या कित्येक गाड्या आज पाठीत बाक आलेल्या दिसतात. १९५८ मध्ये एएमटीने ह्याच कामातून घरी जोडायची किट काढली: एका खोक्यातून तीनपैकी कोणतीही गाडी, मूळ शोरूमची, सजवलेली किंवा शर्यतीची. पुढच्या वर्षी गाडीचं नाक-शेपूट बदललं की साचाही तसाच कापून बदलायचे. आदल्या वर्षाची गाडी त्या पोलादातून कायमची नाहीशी! कोणाला वाटलं होतं की साठ वर्षांनी कोणी ती मागेल? आता ते जुने ब्रँड सांभाळणारी राउंड टू कंपनी न जोडलेली जुनी किट शोधून, स्कॅन करून, त्यांवरून नवे साचे कापते. मोटारीच्या नकलेची नक्कल. आणि अशी घोषणा झाली की आजोबा झालेले अमेरिकन ज्या गाडीची वाट पाहतात ती रस्त्यावरची नसतेच. त्यांना हवं असतं लहानपणी मोडलेलं ते किट.

आज वर्षभरात बातम्यांचे हंगाम ठरलेले आहेत. हिवाळ्यात जर्मनीतल्या न्युरेंबर्गचा खेळण्यांचा मेळा, शरदात जपानमधलं आणखी एक प्रदर्शन, आणि ह्या दोहोंमध्ये, मे महिन्यात, शिझुओका हॉबी शो. तो १९५९ पासून भरतो. तामिया, आओशिमा, फुजिमी, शेजारच्या याइझूची हासेगावा अशा कंपन्या ह्याच टापूतल्या. देवळांच्या बांधकामासाठी इथे येऊन स्थिरावलेल्या सुतारांच्या लाकूडकामाच्या परंपरेत ह्या उद्योगाची मुळं शोधतात. शहराने तर नगरपालिकेसमोर मॉडेलच्या चौकटीत अडकवलेल्या सुट्या भागांसारखी एक टपालपेटी उभारली आहे, आणि तिच्यात खरी पत्रं टाकता येतात. शोमध्ये पहिले दिवस व्यापाऱ्यांचे, शनिवार-रविवार सगळ्यांचे. काचेच्या कपाटात नव्या किटचा नमुना असतो आणि त्याच्याभोवती कोपरं टेकून वाकलेली माणसं. ‘नवा साचा’ असं पाटीवर लिहिलंय का, तेवढं आधी बघतात. नसेल तर जुन्याच साच्याला नवं डिकल आणि नवं खोकं, म्हणजे चार घटकांची करमणूक.

आता आपल्याकडचं. पुण्या-मुंबईच्या मॉडेलरला घोषणा त्याच दिवशी कळते, खोकं मात्र सहज येत नाही. प्रमाणबद्ध मॉडेलं कस्टमच्या लेखी खेळणीच. त्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७०. परदेशातून येणाऱ्या आतेभावाच्या बॅगेत जागा किती, हा प्रश्न इथे गंभीर आहे. पण आपलीही एक खास वाट पाहणी असते. हासेगावाने १/२४ मध्ये सुझुकी जिमनी जेए-११ केली, तेव्हा जपानी गिऱ्हाइकाला त्यात जिमनी दिसली. आपल्या माणसाला दिसते जिप्सी. पोलिसांची, लष्कराची, रॅलीची, १९८५ पासून मारुतीने इथे बनवलेली. घराणं तेच, फक्त अंगाने लांब. जिमनीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २०३० मिलिमीटर, जिप्सीचं २३७५. फरक ३४५. भागिले चोवीस: १४.४ मिलिमीटर.

जिमनीच्या किटची जिप्सी करायची तर एवढी पट्टी मध्ये घालायची. बॉडी दाराच्या मागे बारीक करवतीने कापायची, चासी वेगळ्या ठिकाणी कापायची म्हणजे दोन्ही सांधे एकावर एक येत नाहीत, मध्ये स्टायरीनचा तुकडा, वरून पुट्टी. बंपर आणि जाळी फोटोंवरून हाताने घडवावी लागेल. मागची ताडपत्री टिश्यू पेपर आणि पातळ केलेल्या फेव्हिकॉलची छान होते.