चार महिने चिंब, आठ महिने कोरडे

पोलादपुरात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि उन्हाळ्यात त्याच डोंगरांवर पाण्याची ओरड होते. इथे टिकायचं तर दोन्ही सोसावं लागतं. सावरीचा उपाय सरळ आहे: थंडीत पानं गाळायची, पाण्याचा खर्च थांबवायचा आणि उघड्या फांद्यांवर फुलायचं. पाखरांना लाल फुलं दुरूनच दिसतात.

ओल्या कातळावरच्या सीतेच्या आसवांची युक्ती त्याहून अजब. तिथे माती बोटभर, तिच्यातलं नत्रही पाऊस धुऊन नेतो. या वनस्पतीला खरी मुळं नाहीत. चिखलात असतात बारीक पिशव्या. पिशवी आतलं पाणी बाहेर टाकून चपटी होते. एखादा सूक्ष्म जीव दारावरच्या केसाला लागला, की झडप उघडते आणि तो पाण्यासकट आत खेचला जातो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागात! वर जांभळ्या फुलांचे फोटो काढणाऱ्यांना खालच्या शिकारीचा पत्ताही नसतो.

आंबेनळी घाटाच्या उतारावरची कारवी मात्र निवांत. साधारण सात वर्षं नुसती वाढते, मग सगळी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. एवढं बी एकाच वेळी आल्यावर किडे-उंदीर खाऊन खाऊन किती खाणार, असा त्यामागचा हिशेब अभ्यासक मांडतात.

पावसात कातळावर गेलात तर पायवाट सोडू नका. त्या पिशव्या पायाखालीच असतात.